फजिती कोणाची आणि सांगतो कोण? : नाबोकोव्हच्या ‘प्निन’विषयी

१

परदेशी गेलेल्या माणसाची फजिती हा विनोदी वाङ्मयातला हुकमी विषय आहे. तिथली भाषा जिभेवर बसत नाही, यंत्रे ऐकत नाहीत, आगगाड्या चुकतात, आणि जी गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते ती या शिकल्यासवरल्या माणसाला कळत नाही. वाचक हसतो. हसताना त्याला नकळत एक जागा मिळालेली असते. तो घरचा असतो आणि पात्र बाहेरचे असते. बहुतेक विनोदी कादंबऱ्या वाचकाला ही जागा पहिल्या पानावर देतात आणि शेवटच्या पानापर्यंत ती त्याच्याकडेच राहू देतात.

व्लादिमीर नाबोकोव्हची ‘प्निन’ (१९५७) ही कादंबरी ती जागा देते आणि मग हळूहळू काढून घेते. नाबोकोव्ह म्हटले की आपल्याकडे ‘लोलिता’ आठवते. या दोन्ही कादंबऱ्यांचा लेखनकाळ एकमेकांत गुंतलेला आहे. ‘लोलिता’चे हस्तलिखित १९५३च्या अखेरीस पुरे झाले आणि ते छापायला अमेरिकेतला एकही प्रकाशक धजेना. त्याच सुमारास, १९५३च्या नोव्हेंबरात, ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात प्निनची पहिली गोष्ट छापून आली. ‘लोलिता’च्या गदारोळात ‘प्निन’ मागे राहिली. एका विक्षिप्त, भोळ्या प्राध्यापकाची हलकीफुलकी गोष्ट अशीच तिची ओळख अनेकांच्या मनात आहे. ती ओळख अपुरी आहे, असे मला वाटते.

प्रस्तुत लेखात एकच प्रश्न तपासायचा आहे. या कादंबरीतली फजिती प्निनची आहे, हे उघड आहे. पण ती सांगतो कोण, कोणत्या अधिकाराने, आणि ऐकणारा म्हणून आपण नेमके कुठे बसलेले असतो?

२

आधी थोडक्यात कथानक. तिमोफेई पाव्लोविच प्निन १८९८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मला. वडील डोळ्यांचे डॉक्टर. क्रांतीनंतर देश सुटला, शिक्षण प्रागमध्ये झाले, पुढची वर्षे पॅरिसमध्ये गेली आणि १९४० साली तो अमेरिकेला पोचला. आता तो वेंडेल नावाच्या एका काल्पनिक कॉलेजात रशियन शिकवतो. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रशियनचा स्वतंत्र विभाग नाही. जर्मन विभागाचे प्रमुख डॉ. हागेन यांच्या छत्राखाली त्याची नोकरी कशीबशी टिकून आहे. भाड्याच्या खोल्या तो बदलत राहतो. लिझा ही त्याची पूर्वाश्रमीची बायको. ती दुसऱ्याची झाली आहे, पण याचे प्रेम संपलेले नाही.

कादंबरी आगगाडीत सुरू होते. टक्कल पडलेला, भरदार छातीचा आणि काटकुळ्या पायांचा बावन्न वर्षांचा प्निन क्रेमोना नावाच्या गावी एका महिला मंडळापुढे व्याख्यान द्यायला निघाला आहे. तो खिडकीशी निवांत बसलेला असताना निवेदक आपल्याला हळूच सांगतो की हा चुकीच्या गाडीत बसला आहे. कारण? प्निनने वेळापत्रक पाहिले नव्हते असे नाही. त्याने ते मन लावून अभ्यासले होते. फक्त ते पाच वर्षांपूर्वीचे होते.

या प्रसंगात प्निनच्या सगळ्या चुकांचे बीज आहे. विनोदी वाङ्मयातला वेंधळा माणूस साधारणपणे निष्काळजी असतो. प्निन निष्काळजी नाही. तो गरजेपेक्षा जास्त दक्ष आहे. परक्या देशात सहजपणावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे इतरांना जे अंगवळणी पडलेले असते, ते प्निनला छापील कागदावरून शिकावे लागते. मोटार चालवण्याचे शिक्षणही तो आजारपणात अंथरुणावर पडून, माहितीपुस्तिका आणि ज्ञानकोशातली नोंद वाचून सुरू करतो. ग्रंथालयात एक जाडजूड खंड परत करायचा तगादा त्याला लागतो, कारण दुसऱ्या कोणा वाचकाने तो मागितला आहे. प्निन ओझे वाहत तिथे जातो आणि कळते की तो मागणारा वाचक प्निनच आहे. घरमालकिणीच्या धुलाईयंत्रावर त्याचा लहान मुलासारखा जीव जडतो. कपडे संपले की हाताला लागेल ते तो त्यात टाकतो, आणि एकदा रबरी तळव्यांचे बूट टाकल्यावर त्याला यंत्राजवळ जायलाच बंदी होते.

हे सगळे खरोखरच हसवणारे आहे, आणि ते तसे वाचायला कोणी संकोचू नये. मात्र पहिल्या प्रकरणाचा शेवट बारकाईने वाचला पाहिजे. चुकलेली गाडी, मागे राहिलेली बॅग आणि बागेतल्या बाकावर आलेला हृदयविकाराचा झटका, एवढ्या सगळ्यातून प्निन अखेर क्रेमोनाला पोचतो, तोही जेवणाच्या वेळेपर्यंत. त्याच्याजवळ तीन वेगवेगळी हस्तलिखिते आहेत. ऐनवेळी भलतेच हाती येऊ नये म्हणून त्याने ती तिन्ही कोटाच्या खिशात कोंबली आहेत. तिन्ही जवळ असल्यावर हवे ते त्यांत असणारच. दैवावर त्याने साध्या गणिताने मात केली आहे.

या यशाने नाराज होतो तो निवेदक. सुखान्त आपल्याला आवडत नाहीत, त्यांत फसवल्यासारखे वाटते, अशा आशयाचे काही तो बोलून जातो. व्याख्यान या शुक्रवारी नसून पुढच्या शुक्रवारी आहे असे निघाले असते तर वाचक म्हणून आपल्याला जास्त बरे वाटले असते, अशीही कबुली देतो. पहिल्या वाचनात ही लेखकाची मिश्कील लकब वाटते. ती पुढे फार महागात पडणार आहे.

३

प्निनचे इंग्रजी हा कादंबरीतल्या विनोदाचा मोठा भाग आहे. रशियनमध्ये इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, म्हणून प्निन ती गाळतो किंवा भलतीकडे लावतो. इंग्रजी ‘ह’ त्याच्या तोंडी घशातून खरखरत येतो. नव्या घरात राहायला गेल्यावर द्यायच्या मेजवानीला इंग्रजीत घर ‘उबदार करण्याची’ मेजवानी म्हणतात. प्निन घर ‘तापवण्याची’ मेजवानी देतो.

यातली काही पाने मी स्वतःपुरती मराठीत करून पाहिली, आणि पहिल्याच पानावर एक मजेदार पेच उभा राहिला. मराठीतही उपपदे नाहीत. म्हणजे प्निनची सर्वांत ठळक चूक मराठीत होऊच शकत नाही. त्या बाबतीत तो मराठीत अगदी घरचा ठरतो. रशियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, तेव्हा नपुंसकलिंगाची संकल्पनाही त्याला नवी नाही. मूर्धन्य आणि महाप्राण उच्चार मात्र त्याला जड जातील. ‘घर’चे ‘गर’ होईल, ‘बाळ’चे ‘बाल’ होईल. एवढेच काय, त्याचे आडनाव उच्चारताना अमेरिकन माणसांची जी त्रेधा उडते, तीही मराठीत उडत नाही. ‘प्निन’ हे जोडाक्षर देवनागरीला मुळीच अवघड नाही.

मग मराठीत त्याला हास्यास्पद कसा करायचा? त्यासाठी आपल्याकडे एक तयार साचा आहे. रंगभूमीने, सिनेमाने आणि कौटुंबिक गप्पांनी तो घडवला आहे. पुरुषाच्या तोंडी ‘मी जाते’ घालायचे, हेल काढायचे, एखादा ‘अय्यो’ पेरायचा, प्रेक्षागृह हसते. अशा मराठीतून आपण मद्राशी उभा केला, भय्या उभा केला, गुजराती शेटजी उभा केला. हा साचा वापरला तर प्निनही चुटकीसरशी उभा राहतो, पण तो प्निन राहत नाही. तो आपल्या ओळखीचा ‘बाहेरचा’ होतो. भाषांतराची ही अडचण शब्दकोशाने सुटण्यासारखी नाही, कारण ती शब्दांची नाही. परक्याच्या तोंडची आपली भाषा ऐकताना आपण काय ऐकतो, याविषयीची ती आहे.

नाबोकोव्हने याचे उत्तर कादंबरीतच दिले आहे. पाचव्या प्रकरणात प्निन आपली छोटी मोटार चालवत, वाट चुकत, एका रशियन स्नेह्याच्या खेड्यातल्या घरी पोचतो. तिथे उन्हाळ्यात निर्वासित रशियन मंडळी जमतात. सगळे रशियन बोलतात, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला वडिलांच्या नावासकट तिमोफेई पाव्लोविच म्हणतात. मराठी माणसाला यातली आदब वेगळी समजावून सांगायला नको. इथला प्निन निराळाच आहे. तो पोहतो. टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’मधल्या कालगणनेविषयी तो नेमकेपणाने, अधिकाराने बोलतो. क्रोकेच्या मैदानावर हाच अवजड माणूस अचानक चपळ आणि धूर्त होतो आणि प्रतिस्पर्ध्यांना हैराण करतो. माणूस तोच आहे, भाषा आणि सोबत तेवढी बदलली आहे. वेंडेलमध्ये जो वेंधळेपणा प्निनच्या स्वभावात आहे असे सर्वांना वाटते, तो त्याच्या स्वभावात नव्हताच. तो प्निन आणि वेंडेल यांच्या मधल्या अंतरात होता.

येथे प्रकाशनाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. सातांपैकी चार प्रकरणे १९५३ ते १९५५ या काळात ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आली: पहिले, तिसरे, चौथे आणि सहावे. आपल्याकडे दिवाळी अंकात आधी आलेली कादंबरी पुस्तकात वाढून येते, तसाच हा प्रकार. साप्ताहिकाच्या वाचकांना चुकलेली गाडी भेटली, ग्रंथालय भेटले, मेजवानी भेटली. पण प्निनचे रशियन रूप ज्यात दिसते ते पाचवे प्रकरण आणि निवेदक ज्यात पुढे येतो ते सातवे प्रकरण त्यांच्यासमोर नव्हते. लिझा ज्यात येऊन जाते ते दुसरेही नव्हते. त्यांच्या ओळखीचा प्निन गमतीदार परदेशी प्राध्यापकच असणार, आणि ही ओळख बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. पुस्तक मात्र उरलेल्या तीन प्रकरणांवर उभे आहे.

४

त्या तीन प्रकरणांत काय आहे, ते क्रमाने पाहू.

दुसऱ्या प्रकरणात प्निनचे सगळे दात काढले जातात. प्रसंग विनोदी रीतीने सुरू होतो, पण जिभेला आपल्या जुन्या, ओळखीच्या खडकांची जागा रिकामी सापडते तेव्हा ते वर्णन सुटलेल्या देशाचेही होऊन जाते. नवी कवळी बसते. अमेरिकन बनावटीच्या या पांढऱ्याशुभ्र वस्तूचे प्निनला अप्रूप वाटते आणि तो ती सर्वांना दाखवत सुटतो. अशात लिझा भेटायला येते. पूर्वी १९४० साली ती त्याच्याकडे परत आली होती, तेव्हा तिच्या पोटात दुसऱ्याचे मूल होते आणि तिला अमेरिकेला जायचे होते. बोटीवर कळले की तो दुसराही त्याच बोटीवर आहे. आता ती आली आहे ती त्या मुलाच्या, व्हिक्टरच्या, शिक्षणासाठी प्निनने दरमहा काही पैसे बाजूला काढावेत म्हणून. काम झाल्यावर ती जाते.

त्या संध्याकाळी घरमालकीण जोन त्याला रमवण्यासाठी मासिकातले एक व्यंगचित्र दाखवते: लहानसे बेट, एक माडाचे झाड, जहाज फुटल्यावर तिथे अडकलेला खलाशी, आणि शेजारी मत्स्यकन्या. प्निनला विनोद कळत नाही. एवढ्या मोठ्या समुद्रात एवढेसे बेट, त्यावर आणखी झाड, असे असूच शकत नाही, अशी त्याची तक्रार. जोन समजावते की ही कल्पना आहे. थोड्या वेळाने प्निन कोसळतो आणि आपल्याजवळ आता काहीच उरले नाही, असे म्हणून रडतो. दात नसल्यामुळे तेही शब्द नीट उमटत नाहीत. वाचकाचे हसू ओठांवरच अडते. बेटावरच्या ज्या माणसाला हसायचे होते तो माणूस समोर बसला आहे, आणि त्याला त्या चित्रातले हास्य दिसत नाही, हे अगदी साहजिक आहे.

पाचव्या प्रकरणात, क्रोकेचा डाव जिंकल्यानंतर, कोणाच्या तरी बोलण्यात मीरा बेलोच्किनचे नाव येते. मीरा ही प्निनची तरुणपणची प्रेयसी. ती ज्यू होती आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारली गेली. तिला नेमके कसे मारले हे ठाऊक नसल्यामुळे प्निनच्या मनात ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रीतींनी मरते. म्हणून गेली दहा वर्षे त्याने तिची आठवण न काढण्याचे स्वतःला शिकवले आहे. असली मरणे ज्या जगात शक्य आहेत त्या जगात शुद्धीवर राहायचे तर दुसरा इलाज नाही, असे त्याला वाटते.

हे वाचल्यावर मागे वळून पाहावे लागते. वेळापत्रके पाठ करणारा, तीन हस्तलिखिते खिशात ठेवणारा, ज्ञानकोशातून मोटार शिकणारा हा माणूस इतका दक्ष का आहे? निष्काळजीपणा किती महाग पडू शकतो, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यातला तो आहे. क्रेमोनाच्या सभागृहात व्याख्यानाआधी त्याला श्रोत्यांमध्ये आपले मृत आईवडील दिसतात, आणि वडील उदारमतवादी होते म्हणून १९१९ साली ओडेसात गोळी घातला गेलेला एक मित्रही दिसतो. तो मित्र पहिल्याच प्रकरणात, सर्वांत विनोदी प्रकरणात, बसलेला असतो. आपण हसत असतो म्हणून तो तितकासा दिसत नाही.

नाबोकोव्हला हे वरवरचे माहीत नव्हते. त्याच्या वडिलांचा १९२२ साली बर्लिनमध्ये गोळ्या घालून खून झाला. त्याची पत्नी व्हेरा ज्यू होती. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसला पोचण्याच्या बेतात असताना ही दोघे लहान मुलासह अमेरिकेला निसटली. मागे राहिलेला भाऊ सर्गेई जानेवारी १९४५ मध्ये नॉयनगामच्या छळछावणीत मरण पावला. तरीही प्निन म्हणजे नाबोकोव्ह नव्हे. नाबोकोव्हला इंग्रजी बाळपणापासून येत होते. ‘प्निन’ लिहिताना तो कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता आणि तिथे त्याच्या इंग्रजीला कोणी हसत नव्हते. कादंबरीत त्याच्याशी जुळणारी खूण दुसऱ्याच कोणापाशी सापडते.

५

ती खूण निवेदकापाशी सापडते. सुरुवातीला तो अदृश्य असतो. मधूनमधून ‘मी’ डोकावतो, आपण प्निनचे हितचिंतक आहोत असे सुचवतो. पाचव्या प्रकरणात रशियन मंडळी फुलपाखरांचा थवा पाहून म्हणतात की आज व्लादिमीर व्लादिमीरोविच इथे हवा होता. नाबोकोव्हचे हे नाव, आणि फुलपाखरांचा अभ्यास हा त्याचा जन्मभराचा ध्यास. सातव्या प्रकरणात हा निवेदक समोर येतो आणि त्याच्याबरोबर काही अडचणीची माहितीही येते. लिझाचे प्निनशी लग्न होण्यापूर्वी तिचे या निवेदकाशी प्रकरण झाले होते. त्यातून दुखावून तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि मग प्निनशी लग्न केले. प्निनच्या बालपणाच्या ज्या हकिगती हा निवेदक छातीठोकपणे सांगतो, त्या प्निनने पूर्वी त्याच्या तोंडावर, चारचौघांत, साफ नाकारलेल्या आहेत. हा माणूस वाटेल ते रचून सांगतो, असे त्याचे म्हणणे.

म्हणजे सहा प्रकरणे आपण ज्याच्या तोंडून प्निनची फजिती ऐकली, तो तटस्थ नव्हता. तो सुखान्ताने नाराज होणारा माणूस होता.

आता सहाव्या प्रकरणातली मेजवानी नव्या अर्थाने वाचता येते. आयुष्यात प्रथमच प्निनला अख्खे घर भाड्याने मिळाले आहे आणि ते विकत घेण्याचे स्वप्न तो पाहतो आहे. व्हिक्टरने पाठवलेले निळसर काचेचे सुंदर भांडे टेबलाच्या मध्यभागी आहे. पाहुणे गेल्यावर हागेन थांबतात आणि सांगतात की आपण दुसरीकडे चाललो आहोत, तुमची नोकरी राहणार नाही. एक नामांकित रशियन लेखक इंग्रजी विभागात येतो आहे, त्याच्या हाताखाली कदाचित जमेल. तो लेखक म्हणजे आपला निवेदक. प्निन शांतपणे सांगतो की त्याच्या हाताखाली आपण काम करणार नाही. परिस्थितीने ढकललेला हा माणूस कादंबरीत इतक्या ठामपणे क्वचितच बोलतो. मग तो भांडी घासायला लागतो. हातातून अडकित्ता निसटतो, फेसाळ पाण्यात बुडतो आणि काच तडकल्याचा आवाज येतो. क्षणभर तो पाण्यात हात घालू शकत नाही. फुटलेला असतो एक पेला. भांडे शाबूत असते. सुखान्त नावडणाऱ्या निवेदकाच्या हातून एवढी एक वस्तू वाचली आहे.

सातव्या प्रकरणात निवेदक वेंडेलला येतो आणि इंग्रजी विभागाचा प्रमुख कॉकरेल याच्याकडे उतरतो. कॉकरेल प्निनची नक्कल करण्यात वाकबगार आहे. संध्याकाळभर तो तेच करतो: प्निन वर्गात, प्निन खाणावळीत, प्निन फोनवर. नक्कल हुबेहूब आहे आणि ती संपत नाही. ऐकणाऱ्याला आधी हसू येते, मग कंटाळा येतो, मग काहीतरी बिघडल्याची जाणीव होते. प्निनची नक्कल करणारा त्या नकलेच्या इतका आहारी गेला आहे की बळी कोण, याचाच घोळ झाला आहे. सकाळी न्याहारीच्या वेळी कॉकरेल आणखी एक गोष्ट सांगू लागतो: क्रेमोनाच्या महिला मंडळापुढे प्निन उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आले की आपण भलतेच व्याख्यान आणले आहे. कादंबरी इथे संपते.

पण वाचकाला तीन हस्तलिखितांची गोष्ट ठाऊक आहे. कॉकरेलच्या गोष्टीत जी फजिती होते ती कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात झालेली नाही. निदान, जी न झाल्याबद्दल निवेदकाने हळहळ व्यक्त केली होती, तिच्याच जातीची ही फजिती आता कॉकरेलच्या तोंडी तयार होते आहे. परक्या माणसाच्या विनोदी गोष्टी कशा जन्मतात, याचे याहून नेमके चित्र माझ्या पाहण्यात नाही. जे घडले त्यात पुरेसे हसू नसते, म्हणून जे घडायला हवे होते ते सांगितले जाते. आणि कॉकरेलच्या टेबलाभोवती जे बसले आहेत त्यांत आपलीही खुर्ची आहे, कारण पहिल्या पानापासून आपण हेच ऐकत आलो आहोत.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. पु. ल. देशपांडे ‘अपूर्वाई’त आणि ‘पूर्वरंग’मध्ये परदेशात गोंधळतात, पण गोंधळणारा आणि सांगणारा एकच असल्यामुळे त्या हसण्यात कोणी खाली पडत नाही. मराठी विनोदाची ही मोठी मिळकत आहे. मघाशी ज्याचा उल्लेख केला त्या साच्यातला मद्राशी किंवा भय्या मात्र आपली गोष्ट स्वतः कधीच सांगत नाही. ती नेहमी आपणच सांगतो. त्या वेळी आपण चिमणरावाच्या जागी नसतो, कॉकरेलच्या जागी असतो. विनोदाचा दर्जा ठरवताना शब्दकळा आणि प्रसंगनिष्ठा यांच्याबरोबर हा तिसरा निकषही वापरावा, असे मला सुचवायचे आहे: ज्याची फजिती आहे त्याला उत्तर द्यायची जागा लेखनात ठेवली आहे का?

६

नाबोकोव्हने ती जागा ठेवली, आणि ती ठेवण्यासाठी त्याने आपला मूळ बेत बदलला. लेखनाच्या सुरुवातीच्या काळात प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने कादंबरीचा शेवट कळवला होता: नाबोकोव्ह स्वतः कॉलेजात व्याख्याता म्हणून येतो आणि बिचारा प्निन सगळे अर्धवट टाकून मरतो. हृदयविकाराचे झटके त्याच शेवटाच्या तयारीसाठी पेरलेले असावेत. तसे झाले असते तर कादंबरी करुण झाली असती, आणि वाचकाने डोळे पुसून पुस्तक मिटले असते. हसून झाल्यावर रडायला मिळाले की आपली नैतिक सोय होते. ज्याला हसलो त्याची कीव केली, हिशेब मिटला.

छापलेल्या कादंबरीत प्निन मरत नाही. निवेदक वेंडेलला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी रस्त्यावर दोन मालमोटारींच्या मध्ये एक छोटी फिकट निळी गाडी दिसते. आत सामान, एक भटके कुत्रे आणि प्निन. निवेदक हाक मारतो, मागे धावतो. गाडी सुटते आणि चढणीच्या रस्त्याने दिसेनाशी होते. जुन्या वेळापत्रकामुळे चुकीच्या गाडीत बसलेला माणूस शेवटी स्वतः चालवत निघून जातो, आणि या वेळी मागे राहतो तो त्याची गोष्ट सांगणारा. गोष्ट सांगणाऱ्याच्या तावडीतून पात्राने निसटणे, एवढेच उत्तर या कादंबरीत शक्य होते. लेखकाने ते मिळू दिले.

पाच वर्षांनी, १९६२ साली, नाबोकोव्हची ‘पेल फायर’ ही कादंबरी आली. तिच्यात दुसऱ्याच एका विद्यापीठाच्या वर्णनात प्राध्यापक प्निनचा ओझरता उल्लेख आहे. तो तिथल्या रशियन विभागाचा प्रमुख आहे आणि हाताखालच्या लोकांशी बराच कडक वागतो असे दिसते. त्याच्या इंग्रजीबद्दल तिथे कोणी काही बोलत नाही.